हॉय-यिनच्या निबंधाखालची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. चार पाय लावल्यापासून लोक मला टेबल म्हणतात आणि मीही ऐकून घेते. पण जन्माने मी टेबल नव्हे. मी मचव्यावरची. मासे साठवायच्या कप्प्यावरचे झाकण होते मी. चीनच्या किनाऱ्यावरल्या ॲबर्डीनच्या खाडीतल्या एका सुताराने कापराच्या झाडातून मला कापले, तेव्हा माझ्या वासाने त्याला सात शिंका आल्या आणि सातव्या शिंकेला त्याची करवत पाण्यात पडली. ती त्याला परत कधी मिळाली नाही. यात काही खोटे असेल तर मला वाळवी लागो.

मचवा लाय आजोबांचा. त्यांची नात हॉय-यिन त्यांना आकुंग म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. आकुंगांचा जन्म मचव्यावर झाला, लग्न मचव्यावर झाले आणि लग्नाचे जेवण माझ्यावर वाढले गेले. एका वादळात मी कप्प्यावरून उडाले, तीन लाटांवर टप्पे खाल्ले आणि परत आपल्या जागी येऊन बसले. आकुंग ही गोष्ट सांगताना दोनच लाटा म्हणत. स्वभावाने ते फार विनयी होते.

मग एक वादळ असे आले की त्याच्याबद्दल मला गंमत सुचत नाही. मचवा धक्क्याच्या दगडांवर आपटून फुटला. माणसे वाचली. सामानातली एक पातेली, सागरदेवी तिन्हौची मूर्ती आणि मी, एवढे वाचलो. सरकारने डोंगराच्या उतारावरल्या सात मजली इमारतीत लाय कुटुंबाला एक खोली दिली. आकुंगांनी मला पाठीवर घेतले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवले. वाटेत कोणी विचारले की हे लाकूड कशाला वर नेता, तर म्हणाले, "हे लाकूड नाही. हे घर आहे. ती खोली हे ठेवायला दिलीय."

भंगारातून चार लोखंडी पाय आले. त्यातला एक बोटभर आखूड निघाला. त्याच्याखाली सिगारेटच्या पाकिटाची घडी सरकवली आणि मी टेबल झाले.

मित्रांनो, माझे खरे दिवस त्या खोलीत गेले. सकाळी माझ्यावर भात-कांजी वाढली जाई. दिवसभर आमा, म्हणजे हॉय-यिनची आई, माझ्यावर प्लास्टिकची फुले जोडत बसे. पाकळी, देठ, पान. पाकळी, देठ, पान. संध्याकाळी शेजारची फाट-सो येऊन माझ्यावर कोपरे टेकून इमारतीतल्या बातम्या सांगे. हॉय-यिनचे बाबा दूरच्या जहाजावर स्वयंपाकी होते. त्यांची पत्रे आली की तीही माझ्यावरच उघडली जात. "काय फळी आहे," लोक म्हणत, "भट्टीतली कढई ठेवली तरी डाग पडत नाही." डाग पडत होते. मी ते नसांमध्ये लपवत होते.

खिडकीकडचा कोपरा मात्र हॉय-यिनचा. पहिल्या इयत्तेपासून तिने लिहिलेले प्रत्येक अक्षर आधी माझ्या अंगात उमटले आणि मग कागदावर. ती पेन फार दाबून लिहायची. आकुंगांना एक अक्षर वाचता येत नव्हते, पण ती लिहीत असताना ते समोर बसत आणि तिच्या हाताकडे असे बघत जसे पूर्वी दोर ओढणाऱ्या माणसाकडे बघत.

हॉय-यिन सतरा वर्षांची झाली, शालान्त परीक्षा चार महिन्यांवर आली आणि घरातल्या सगळ्यांना एकच शब्द पाठ झाला: इतिहास. गणित तिला येत होते. भाषा चांगली होती. पण वरच्या वर्गात जाण्यासाठी इतिहासात उत्तीर्ण व्हावेच लागे, आणि इतिहासाच्या पेपरात मोठा प्रश्न तुलनेचा असे. तिथे हिची बोट दर वेळी त्याच खडकावर लागत होती.

वरचा वर्ग मिळाला नाही तर काय, हे ठरलेले होते. फाट-सोचा नवरा केसांचे टोप बनवण्याच्या कारखान्यात मुकादम होता.

"मी बोलून ठेवलंय हं," फाट-सो सांगून गेली होती. "खिडकीजवळची जागा. पोरगी हुशार आहे, सहा महिन्यांत भांग पाडायला शिकेल."

"आधी परीक्षा होऊ दे," आमा म्हणाली.

"होऊ दे की. परीक्षा काय, दर वर्षी होते. जागा दर वर्षी होत नाही."

हॉय-यिन लिहीत होती. तिने पेन इतके दाबले की कागद फाटला आणि टोक मला टोचले.

तिच्या वहीत मो सरांचा शेरा लाल शाईत असे. मो सर इतिहास शिकवत. 'जपान आणि चीन यांनी गेल्या शतकात केलेल्या सुधारणांची तुलना करा' हा प्रश्न तिने पाच वेळा लिहिला. पहिली दोन पाने जपान. राजधानी, कारखाने, नवे सैन्य, शाळा, सगळे खरे आणि सगळे सालासकट. मग 'आता चीनकडे वळू' असे वाक्य. मग दोन पाने चीन. शेवटी 'अशा प्रकारे दोन्ही देशांत साम्य आणि भेद होते.' पाचही वेळा मो सरांनी खाली लिहिले: 'दोन निबंध चांगले आहेत. तुलना कुठे आहे?'

"दोन्ही देश लिहिलेत ना मी," ती आमापाशी रडवेली होऊन म्हणाली. "एकही साल चुकलेलं नाही. अजून काय लिहू?"

आमाला काय ठाऊक. तिने एक पाकळी देठात बसवली आणि म्हणाली, "सरांना विचार."

"विचारलं. ते म्हणतात, शेजारी शेजारी ठेव. ठेवलेत की. हे पान जपान, शेजारचं पान चीन."

त्या आठवड्यात मो सर स्वतःच घरी आले. बाहीला खडू लागलेला, पाय जिना चढून थकलेले. आमाला वाटले तक्रार घेऊन आले, म्हणून तिने फुलांची टोपली खाटेखाली ढकलली आणि घाईने जेवण मांडले. मधोमध वाफवलेले पापलेट, वर आले आणि कांद्याची पात, कडेने गरम तेल आणि सोया. फाट-सो दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, तिला अर्थातच कोणी बोलावले नव्हते.

"बसा ना सर," आमा म्हणाली. "गरिबाघरचं आहे, पण मासा आज पहाटेचा आहे."

"नको हो, मी जेवून आलोय."

"खोटं बोलताय मास्तर," आकुंग म्हणाले. "तुमच्या पोटाचा आवाज मी इथवर ऐकला."

मो सर बसले. खाता खाता म्हणाले की मुलगी कष्टाळू आहे, पण एवढी एक गाठ सुटली नाही तर यंदा कठीण आहे. आमाने मान खाली घातली. हॉय-यिनने भाताचा एक दाणा जेवायच्या काडीने ताटलीभर फिरवला. बोलणे अवघड झाले तसे सगळे माशाकडे वळले आणि माशाची वरची बाजू लवकर संपली.

आता मो सर होते डोंगरापलीकडच्या भातशेतीतल्या गावचे. त्यांनी चांगल्या मनाने, आजोबांना खालचे मऊ मांस मिळावे म्हणून, काड्या माशाच्या पाठीखाली घातल्या आणि मासा उलटायला उचलला.

खोलीतला वारा थांबला. आमाचा हात हवेत राहिला. फाट-सोने पदर असता तर तोंडावर घेतला असता, पदर नव्हता म्हणून हात घेतला. मीही तिन्ही धड पाय जमिनीत रोवले, आखूड पायाचे तर विचारूच नका. आकुंगांनी आपल्या काड्या सरांच्या काड्यांवर आडव्या ठेवल्या, हळूच, जणू पोराच्या हातातून चाकू घ्यावा.

"मास्तर, खाली ठेवा ते."

"काय झालं? खालची बाजू तशीच राहिलीय."

"ती कुठं पळून जात नाही. मासा उलटला की मचवा उलटतो."

"कुठला मचवा, आजोबा? तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर राहता."

"माझा भाऊ अजून पाण्यावर आहे," आकुंग म्हणाले. "त्याचा."

मो सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मासा खाली ठेवला आणि माफी मागितली. आकुंग हसले. त्यांनी शेपटीकडून काड्या घातल्या, मधला काटा सुटा केला आणि डोक्यापर्यंत अख्खा उचलून बाजूला धरला. खालचे मांस पांढरेशुभ्र, जागचे जागी, तसेच वर आले.

"बघा. आमच्यात असं खातात. तुम्ही उलटता, म्हणजे वरची बाजू दिसते तेव्हा खालची दिसत नाही, खालची वर येते तेव्हा वरची कशी होती ते विसरलेले असता. पण हा काटा बघा. डावीकडची फासळी, उजवीकडची फासळी, दोन्ही याच्यावरच. काटा हातात असला की दोन्ही बाजू एकदम कळतात."

हॉय-यिन त्या काट्याकडे बघत राहिली. इतका वेळ की आमा म्हणाली, "अगं, जेव."

"मी उलटलं, सर," ती म्हणाली.

"काय उलटलंस?"

"निबंध. जपानची बाजू खाऊन संपवली, मग उलटून चीनची. काटा काढलाच नाही."

मो सरांनी काड्या खाली ठेवल्या. "चौदा वर्षं खडू झिजवतोय मी," ते म्हणाले. "शेजारी ठेवा, शेजारी ठेवा म्हणून ओरडतोय. एकाही पोराला कळलं नाही. मला पण सांगता आलं नाही, तेव्हा त्यांचा काय दोष."

"मग काटा म्हणजे काय धरायचा?" आमाने विचारले. इतिहासाबद्दल तिने विचारलेला तो पहिला प्रश्न.

"ज्याच्यावर दोघांना तोलायचं तो मुद्दा, ताई. सुकाणू कोणाच्या हातात होतं? जपानात मधल्या सरकारच्या हातात. चीनमध्ये एकेका प्रांताच्या सुभेदाराच्या, आणि दरबार अर्धवट मनाचा. ही झाली एक फासळी, दोन्हीकडची. परक्यांकडून काय घेतलं? चीनने तोफा आणि जहाजं. जपानने तोफा, जहाजं आणि शाळासुद्धा. ही दुसरी."

"म्हणजे तोफा आणि जहाजं दोघांनी घेतली," आमा म्हणाली.

"घेतली."

"मग ते पण लिहायला हवं ना. नुसती भांडणं लिहून कसं चालेल? दोन बहिणी वेगळ्या आहेत हे सांगायला आधी त्या बहिणी आहेत हे सांगावं लागतं."

मो सर तिच्याकडे बघतच राहिले. दारातून फाट-सो म्हणाली, "हिला बसवा परीक्षेला. पोरगी फुलं जोडेल."

त्या दिवसापासून माझ्या कोपऱ्यावर नवा खेळ सुरू झाला. हॉय-यिन कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ काढी. डोक्याशी एका वाक्यात उत्तर लिही: कोण पुढे गेला आणि मुख्य कारण कोणते. रेघेवर तीन मुद्दे, दर मुद्द्याला डावी फासळी आणि उजवी फासळी. एखादी फासळी एकाच बाजूला निघाली तर तो मुद्दा खोडून टाकायचा, कारण एका बाजूच्या फासळीचा मासा मी तरी समुद्रात पाहिलेला नाही. आकुंग समोर बसून विचारत, "या बाजूला काही दिसत नाही, काय झालं?" आणि ती म्हणे, "सापडत नाहीय, आकुंग." "मग बुडी मार," ते सांगत, आणि ती पुस्तकात बुडी मारी.

एके दिवशी दुपारी ते म्हणाले, "माझी पण एक तुलना लिहून दे."

"कसली?"

"पाणी आणि जमीन. तुझ्या बाबाला पाठवायचीय."

ती हसली, पण कागद घेतला आणि मधोमध रेघ काढली. "कशावर तोलू?"

"झोप," आकुंग लगेच म्हणाले. "पाण्यावर झोपेला कोणीतरी हलवत राहतं, आईसारखं. इथं खाट मेल्यासारखी उभी असते. दहा वर्षं झाली, माझी पाठ अजून वाट बघते."

"दुसरं?"

"शेजार. पाण्यावर शेजाऱ्याचा दिवा रोज नव्या जागी. इथं फाट-सोला आपल्या पातेल्यात काय आहे ते आपल्याआधी कळतं."

"ते चांगलं की वाईट?"

आकुंगांनी विचार केला. "तुझी आई तापात होती तेव्हा चांगलं होतं," ते म्हणाले.

"तिसरा मुद्दा?"

आकुंगांचा तळहात माझ्यावर होता आणि तो गरम होता. "तू," ते म्हणाले. "पाण्यावर तू एव्हाना जाळं शिवत असतीस. अक्षर दिसलं असतं ते फक्त दुसऱ्याच्या मचव्यावर लिहिलेल्या नावाचं. इथं तू हे लिहितेयस."

"मग निष्कर्ष, जमीन बरी," हॉय-यिन म्हणाली आणि लिहू लागली.

"लिही. पण खाली लिही, मला पाणी आठवतं."

"तसं चालत नाही आकुंग. निष्कर्ष एकच लागतो. एक बाजू घ्यावी लागते."

"मग तो पेपर तपासणारा कधी घर सोडून आलेला नसेल."

मग तिने खाली एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली: "शाळेच्या मापाने जमीन बरी, झोपेच्या मापाने पाणी, आणि या माणसाने शाळेचे माप मोठे मानले." आकुंगांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसले. खिडकीतून खाडी दिसत नव्हती, समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसत. तरी ते तिकडेच बघत. मीही बघे. फळीला डोळे नसतात असे तुम्हाला शिकवले असेल, पण गाठी कशाला असतात मग?

आता मित्रांनो, मला एक कबुली द्यायची आहे. एवढ्या वर्षांत मी ती कोणाला दिलेली नाही.

परीक्षा आठवड्यावर आली आणि हॉय-यिन घाबरली. घाबरलेले माणूस जुन्या वाटेने पळते. वर्गातल्या कोणीतरी तिला जपान-चीन प्रश्नाचे तयार उत्तर उतरवून दिले. चार पाने, सुंदर अक्षर. फाट-सोने शपथेवर सांगितले की मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या मुलीने असेच पाठ केले आणि सुटली. झाले. काटा गेला, फासळ्या गेल्या, हॉय-यिन ती चार पाने डोळे मिटून देवळातल्या मंत्रासारखी म्हणू लागली.

ते ऐकता ऐकता माझ्या मनात आले, ही पास होणार. हिने एवढे पाठ केलेय, ही नक्की पास होणार. पास झाली की वरचा वर्ग, मग खाडीपलीकडचे शिक्षकांचे कॉलेज, तिथे राहायला जावे लागते हे मो सर सांगून गेले होते. आणि नापास झाली तर? तर टोपाचा कारखाना. दिवसभर भांग पाडेल आणि संध्याकाळी घरी येईल. कोपर माझ्यावर टेकेल. लिहिणार नाही, पण टेकेल तरी.

माझा एक मचवा आधीच गेला होता. मला आणखी काही जायला नको होते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती चार पाने माझ्यावर पसरलेली होती आणि कडेला शाईची दौत होती, झाकण उघडे. ती पाणी प्यायला उठली. मी आखूड पायाखालची ती पाकिटाची घडी सोडली. कशी सोडली विचारू नका. तीन लाटांवर टप्पे खाणारीला हे काय जड? मी कलले. दौत घसरत आली, क्षणभर थांबली, जणू मला विचारते आहे, आणि आडवी झाली. चारही पाने निळी झाली. एक ओळ वाचता येईना.

मी तिला नापास करायला ती शाई सांडली, मित्रांनो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

हॉय-यिन परत आली आणि उभीच राहिली. आमा फडके घेऊन धावली. आकुंगांनी आमाचा हात धरला.

"किती आठवतंय?" त्यांनी नातीला विचारले.

"पहिलं पान. मग... काही नाही. सगळं एकमेकांत गेलंय."

"मचव्याची डोलकाठी मोडली होती एकदा. तेव्हा शीड नव्हतं, वारा होता. काय केलं असेल मी?"

"सांगितलंय तुम्ही. वल्हवत आलात."

"मग वल्हव."

तिने सांडलेल्या शाईत बोट बुडवले आणि माझ्याच अंगावर मधोमध एक उभी रेघ ओढली. मग आडव्या. डावीकडे आणि उजवीकडे. संध्याकाळपर्यंत तिने माझ्यावर अकरा मासे काढले, एकाही पानाकडे न बघता. जपान-चीनचा, दोन क्रांत्यांचा, दोन राजांचा, तिला सुचेल त्या प्रत्येक जोडीचा. शाई वाळून मला ओढ बसत होती. मी हलले नाही. लाज वाटली की लाकूड घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी काय झाले ते मी पाहिले नाही, मला परीक्षेला नेत नाहीत. पण संध्याकाळी तिने माझ्यासमोरच सांगितले. जपान-चीनचा प्रश्न आलाच नव्हता. आला तो असा: शंभर वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मोठ्या युद्धांनंतरचे दोन शांतता परिषदा, व्हिएन्नाची आणि पॅरिसची, यांची तुलना करा.

"अगं बाई," फाट-सो म्हणाली. "हे पाठ केलं होतंस?"

"नाही."

"मग?"

"काटा शोधला. पहिला मुद्दा लिहिला, हरलेला टेबलाशी बसला होता का. व्हिएन्नाला फ्रान्सला बसवलं होतं, बोलायला दिलं होतं. पॅरिसला जर्मनीला बाहेर ठेवलं आणि कागद तयार झाल्यावर सहीला बोलावलं. दुसरा, हरलेल्याकडून किती घेतलं. तिसरा, जिंकलेले कशाला भीत होते. भीत दोघंही होते, आमा, ते सारखं होतं. ते आधी लिहिलं."

"बहिणी," आमा म्हणाली.

"हो. आणि शेवटी कोणत्या मापाने कोणती बरी ते लिहिलं. एक बाजू घेतली, पण दुसरीचं पण सांगितलं."

आकुंगांनी फक्त एवढेच विचारले, "टेबलाशी बसवलं होतं का, हे पहिलं सुचलं?"

"हो. का कोण जाणे."

का ते मला ठाऊक आहे. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? जिने शाई सांडली तिने श्रेय मागायचे नसते.

उन्हाळ्याच्या शेवटी निकाल लागला. हॉय-यिन जिने धावत चढली आणि दारात बसली. आमाने तिच्या हातातला कागद घेतला, तिला तो वाचता येत नव्हता, तरी सगळा पाहिला. फाट-सो म्हणाली, "म्हणजे जागा दुसऱ्याला देऊन टाकू?" आणि मग तीच सगळ्यात मोठ्याने रडली. आकुंगांनी तिन्हौपुढे उदबत्ती लावली. उरलेल्या उदबत्त्यांतली एक त्यांनी माझ्या फटीत खोचली आणि पेटवली. त्यांना काय कळले होते आणि काय नाही, मला आजवर समजलेले नाही.

वरच्या वर्गाची दोन वर्षे तिने माझ्यावरच काढली. मग ती खाडीपलीकडच्या कॉलेजात गेली. गेली त्या दिवशी बस सुटायला आली होती. गाठोडे, छत्री, डबा, आमाच्या सूचना, सगळी घाई. तिचे कोपर माझ्यावरून उचलले गेले ते मला नीट आठवते, कारण ते शेवटचे आहे हे तिला माहीत नव्हते आणि मला होते.

आकुंग त्यानंतर दोन हिवाळे जगले. त्यांची राख त्यांच्या भावाने मचव्यावरून नेली. आमाला पुढे नव्या इमारतीत खोली मिळाली आणि हॉय-यिनने पहिल्या पगारातून तिच्यासाठी चकचकीत टेबल घेतले, पुसले की झाले, नस नाही, गाठ नाही. त्यात वाईट काय? लेकीने आईसाठी घेतले. मला नव्या जिन्यातून वर नेणारी पाठ आता कोणाकडे नव्हती. मी जुन्या इमारतीतल्या व्हरांड्यात राहिले.

आता माझ्यावर लोक कुंड्या ठेवतात, ओल्या छत्र्या टेकवतात, संत्र्याची साले वाळवतात. एकदा एका मुलीने पाटी टेकवून दोन ओळी लिहिल्या, मग तिची आई तिला घेऊन गेली. त्या दोन ओळींवर मी एक अख्खा पावसाळा काढला. हॉय-यिन दूरच्या बेटावर शाळेत इतिहास शिकवते, असे फाट-सो व्हरांड्यात कोणाला तरी सांगत होती. मुलांना म्हणे मासे काढायला लावते. फाट-सोच्या बातमीतले निम्मे सोडून द्यायचे असते, पण हे मी सोडून देत नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाकडून एक ऐका. ज्यावर टेकून तुम्ही शिकलात ते सगळे काही तुमच्याबरोबर नेता येत नाही, नेऊही नये, जाणाऱ्याने जावे. मी एकदा अडवून पाहिले आहे आणि त्याची लाज मला अजून आहे. पण निघण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि हात फिरवा. आम्हाला तेवढे पुष्कळ दिवस पुरते. आणि वापरायचे नसेल तर निदान पाण्याची बादली आमच्यावर ठेवू नका, लाकूड फुगते आणि मग त्याला आपलेच आठवेनासे होते.

हॉय-यिन तुम्हाला कुठे भेटली, तर तिला म्हणा फळी विचारत नव्हती. फक्त पत्ता सांगा. तिसरा मजला, व्हरांड्याचे टोक, सामाईक नळाच्या डावीकडे, भिंतीला टेकून.